मोती सगळ्यात शेवटी: जुन्या चित्राची नक्कल करत तैलरंगातलं व्यक्तिचित्र शिकताना

बडोद्यातल्या आमच्या दांडिया बाजारातल्या घराला उत्तरेकडे एकच खिडकी आहे आणि तिच्यावरून माझं आणि आत्याचं जुनं भांडण आहे. तिला त्या उजेडात गहू निवडायचे असतात, मला ईझल, म्हणजे कॅनव्हास ठेवायची घोडी, लावायचं असतं. पहिली नक्कल मी तिथेच केली. तीन आठवडे खपलो. झाल्यावर आत्यानं सूप बाजूला ठेवलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाली, "डोळे सरस आलेत रे. पण बाई आजारी आहे का?"

आजारीच होती. डोळे चांगले आले होते, कारण सगळ्यात आधी मी डोळेच रंगवले होते. बाकीचा चेहरा त्या दोन डोळ्यांभोवती कसाबसा गोळा केलेला. सावलीसाठी त्वचेच्या रंगात सरळ काळा मिसळला होता, आणि यलो ऑकरमध्ये, म्हणजे मातकट पिवळ्यात, काळा गेला की तो हिरवट होतो हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

पुढे लक्षात आलं की मी चित्राचा चेहरा उचलत होतो, आणि शिकायचा होता त्याचा क्रम. कोणता थर आधी, कोणता नंतर, कुठे रंग पातळ, कुठे जाड, कुठली कडा मुद्दाम पुसलेली. नक्कल करण्यातला फायदा तेवढ्यातच आहे. हुबेहूब छापील प्रत हवी असेल तर कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला पाच मिनिटांत देतो.

कोणतं चित्र घ्यायचं

बडोद्याचा माणूस म्हटला की रविवर्म्यापासून सुरुवात करायची हौस असतेच. सयाजीरावांनी त्याच्याकडून पुराणप्रसंगांची चौदा चित्रं करून घेतली, आणि लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातल्या फत्तेसिंह म्युझियममध्ये त्याच्या कामाचा मोठा संग्रह आहे. तरीही पहिल्या नकलेला रविवर्मा नको. जरीचे काठ, दागिने, हात, पार्श्वभूमीतली खांबं-झाडं, एवढ्या गोष्टींत चेहऱ्याकडे लक्ष राहत नाही. आणि देवघरातल्या कॅलेंडरवरची लक्ष्मी समोर ठेवून तर मुळीच बसू नका. ते ओलिओग्राफ म्हणजे आधीच मूळ तैलचित्राची छापील नक्कल, त्यातही पुन्हा पुन्हा छापून छटा पार बदललेल्या. तुमची ती नकलेची नक्कल होईल आणि तैलरंगाचा थर त्यात कुठेच दिसणार नाही.

मी सुचवतो ते व्हर्मीर या डच चित्रकाराचं 'गर्ल विथ अ पर्ल इअरिंग', मोत्याचं कर्णभूषण घातलेली मुलगी. सुमारे १६६५ सालचं, आता हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात. एक डोकं, एक उजेड, एक गडद पार्श्वभूमी, तीन कापडं आणि एक मोती. हात नाहीत, खोली नाही. शिवाय २०१८ साली या चित्राची यंत्रांनी बारकाईनं तपासणी झाली, त्यामुळे व्हर्मीरनं काय आधी केलं आणि काय नंतर, हे बऱ्यापैकी कळलं आहे. आपल्याला क्रमच हवा असल्यामुळे याहून सोयीचं चित्र नाही. (जाता जाता: हे चित्र १८८१ साली हेगच्या एका लिलावात दोन गिल्डर तीस सेंटला गेलं. त्याच वर्षी डिसेंबरात सयाजीरावांच्या हाती बडोद्याचा कारभार आला. हे मी आत्याला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तेव्हा कुणी घेऊन ठेवलं असतं तर!")

मॉरित्सहाउसच्या संकेतस्थळावरून या चित्राचं मोठ्या आकाराचं छायाचित्र फुकट उतरवता येतं. त्याचे मॅट कागदावर दोन प्रिंट काढा, एक रंगीत आणि एक कृष्णधवल. मोबाइलवर बघून रंगवू नका. पडद्याला स्वतःचा उजेड असतो, रंगाला नसतो, आणि अंधाऱ्या छटा पडद्यावर नेहमी फसवतात. बारकावे मोठे करून बघण्यापुरता मोबाइल हाताशी ठेवा.

आधी एक फेरी कमाटीबागेत

रंगाची ट्यूब उघडण्याआधी एक सकाळ खरी तैलचित्रं बघण्यात घालवा. कमाटीबागेतल्या बडोदा म्युझियमच्या पिक्चर गॅलरीत युरोपियन तैलचित्रं आहेत. पहिल्या महायुद्धामुळे ती इथे पोचायला उशीर झाला आणि गॅलरी १९२१ मध्ये उघडली. लहानपणी आम्ही व्हेलचा सांगाडा आणि ममी बघून बाहेर पळायचो. आता उलटं करा.

चित्रासमोर उभं राहून झालं की एका बाजूला सरका, इतके की पृष्ठभागावर उजेड तिरका पडलेला दिसेल. मग कळतं की गालावरचा पांढरा रंग उंचवट्यासारखा बसलाय आणि सावलीत मात्र कॅनव्हासचे धागे दिसतील इतका पातळ थर आहे. उजेड जाड, सावली पातळ. हे वाचून कळतं, पण हाताला कळायला असं बाजूनं बघावं लागतं. फत्तेसिंह म्युझियममध्ये रविवर्म्याच्या चित्रांसमोरही हेच करा. तो स्वतः त्रावणकोरच्या दरबारात आलेल्या थिओडोर जेन्सन या चित्रकाराला काम करताना नुसतं बघून बरंचसं शिकला असं सांगतात. वही-पेन्सिलीपुरतं बसायचं असलं तरी तिथल्या माणसाला आधी विचारा.

आकार आणि चौकटी

मूळ चित्र ४४.५ × ३९ सेंटिमीटर आहे. चौकट ठोकणाऱ्याकडून १६ × १४ इंचांचा कॅनव्हास करून घ्या. उंची-रुंदीचं प्रमाण जवळजवळ तंतोतंत जुळतं आणि मुळापेक्षा आकार थोडा लहान राहतो. ते बरंच आहे, पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातही नक्कल करणाऱ्यांना मूळ आकार ठेवू देत नाहीत. तयार मिळणारा १६ × १२ घ्यायचा मोह होईल, पण मग कडेचं काहीतरी कापावं लागतं किंवा चेहरा लांबट होतो.

प्रिंट ए-३ कागदावर घ्या आणि चित्र ३२ × २८ सेंटिमीटरचं ठेवा. आता हिशेब सोपा: प्रिंटवर ४ सेंटिमीटरचे चौकोन, कॅनव्हासवर २ इंचांचे. दोन्हीकडे उभे आठ, आडवे सात, एकूण छप्पन्न.

बाजारातला तयार कॅनव्हास बहुतेक वेळा रंग पितो. त्यावर जेसोचे, म्हणजे रंगाखाली लावायच्या पांढऱ्या लेपाचे, आणखी दोन हात द्या, एक आडवा, एक उभा, प्रत्येक वाळल्यावर बारीक सँडपेपरनं हलकेच घासा. मग रॉ अंबर हा तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून चिंधीनं सगळीकडे पुसून घ्या, फिक्क्या चहासारखा रंग येईपर्यंत. पांढऱ्याशुभ्र कॅनव्हासवर कुठलीही छटा गडदच वाटते आणि माणूस घाबरत घाबरत फिकं रंगवत राहतो.

हे वाळलं की कोळशानं चौकोन आखा आणि रेखाटन करा. इथे एक युक्ती मला फार उपयोगी पडली. प्रिंट आणि कॅनव्हास दोन्ही उलटे करा, डोकं खाली. मग "नाक" काढायचं राहत नाही, नुसते आकार उरतात. जबडा, मान आणि पांढरी कॉलर यांच्यामध्ये जो काळोखा तुकडा आहे, ज्यात मोती लटकतो, तो तुकडा स्वतंत्र आकार म्हणून काढा. तो बरोबर आला की जबडा आणि मान आपोआप बरोबर येतात. शेवटी सरळ करून आरशात बघा. आपल्या चुका आपल्याला आरशातच दिसतात, एरवी डोळा सांभाळून घेतो.

रेखाटन पटलं की बारीक ब्रशनं, पातळ अंबरनं त्याच्या रेषा पक्क्या करा आणि कोळसा फडक्यानं झटकून टाका. कोळसा तसाच राहिला तर पुढचा प्रत्येक रंग मळतो.

सामान, थोडक्यात

रंग: टिटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, लेमन यलो, व्हर्मिलिअन, अलिझरिन क्रिमझन, बर्न्ट सिएना, रॉ अंबर, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन, आयव्हरी ब्लॅक. पांढऱ्याची ट्यूब मोठी घ्या. ब्रश: ताठ केसांचे दोन फ्लॅट (चपटे), मऊ केसांचे दोन फिल्बर्ट (चपटे, पण टोकाला गोलसर), एक बारीक राउंड (गोल) आणि कडा पुसायला एक कोरडा मऊ ब्रश. पॅलेट नाइफ, टर्पेंटाइन, जवसाचं तेल. स्वयंपाकातलं कुठलंही तेल चालत नाही, आणि शेंगदाण्याचं तर वर्षानुवर्षं चिकट राहतं. हा प्रयोग मी केला आहे, त्यावर अधिक बोलत नाही.

फाइन आर्ट्सच्या विद्यार्थ्यांमुळे बडोद्यात हे सगळं सामान मिळतं. रंग मात्र आर्टिस्ट प्रतीचे घ्या, कमी घेतले तरी चालतील.

तपकिरी थर: निम्मं काम इथेच

व्हर्मीरनं या चित्राची सुरुवात तपकिरी आणि काळ्या छटांनी केली होती. आपणही रंग विसरायचा आणि फक्त उजेड-अंधार मांडायचा. रंगीत प्रिंट कपाटात ठेवा, समोर कृष्णधवल.

पॅलेटवर बर्न्ट अंबर, थोडा काळा आणि पांढरा यांतून पाच ढीग करा, अगदी गडदपासून अगदी फिक्यापर्यंत. प्रत्येकाचा एक ठिपका कागदाच्या पट्टीवर लावा आणि ती पट्टी प्रिंटवर ठेवून डोळे बारीक करून बघा. ठिपका जिथे विरघळल्यासारखा दिसतो, ती त्या जागेची छटा. मी पहिल्यांदा ही पट्टी ठेवली तेव्हा चक्रावलो. डोळ्यांचं पांढरं म्हणून मी जे पांढरंच समजत होतो, ते प्रत्यक्षात मधल्या करड्याच्याही आसपास होतं. गालाचा उजेड त्याहून कितीतरी फिका. डोळ्यांत शुभ्र पांढरा भरला की चेहरा भेदरलेला दिसतो, तो याचमुळे.

रंग नुसत्या टर्पेंटाइननं पातळ करा, तेल अजिबात नको. आधी सगळ्यात गडद भाग एकजात भरा: पार्श्वभूमी, मानेची सावली, चेहऱ्याची उजवीकडची सावली. त्यांना एकमेकांत मिसळू द्या. मग मधली छटा, मग उजेड. डोळे, नाक, ओठ यांचे फक्त खड्डे आणि उंचवटे. पापण्या काढाव्याशा वाटतील, काढू नका.

या थरात घाई केली तर पुढे कितीही सुंदर रंग लावा, डोकं हवा गेलेल्या फुग्यासारखं सपाट राहतं. मला दुसऱ्या नकलेत एवढ्या थराला दोन रविवार लागले.

अंबरमध्ये मँगनीज असतं, त्यामुळे तो लवकर वाळतो. एप्रिलमध्ये आमच्या खिडकीत एक-दोन दिवसांत बोट लावण्याजोगा होतो. आयव्हरी ब्लॅक आणि अलिझरिन याच्या उलट, रेंगाळणारे. पावसाळ्यात बडोद्याच्या दमट हवेत काळ्याला आठवड्याहून जास्त लागलेला पाहिला आहे. नखानं दाबून ओरखडा उठला तर थांबा.

थांबण्याला कारण आहे. तैलरंग पाण्यासारखा उडून जाऊन वाळत नाही. तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. खाली तेलकट, सावकाश वाळणारा थर आणि वर कोरडा, भराभर वाळणारा थर असेल तर खालचा हलतो आणि वरचा तडकतो. म्हणून खालच्या थरात तेल कमी, वर चढत जास्त. पहिल्या थरात फक्त टर्पेंटाइन, दुसऱ्यात दोन भाग टर्पेंटाइनला एक भाग तेल, शेवटच्या पातळ थरांत निम्मं-निम्मं. याहून जास्त तेल ओतू नका.

रंग: मागून पुढे

तपासणीतून असं दिसलं की व्हर्मीर मागून पुढे येत गेला. आधी पार्श्वभूमी आणि चेहऱ्याची त्वचा, मग पिवळसर अंगरखा, मग पांढरी कॉलर, मग डोक्याचं कापड, आणि मोती सगळ्यात शेवटी. हाच क्रम ठेवा.

आज काळी दिसणारी पार्श्वभूमी मुळात हिरव्या पडद्याची होती. काळ्यावर नीळ आणि एका पिवळ्या वनस्पतिज रंगाचा पारदर्शक थर होता, तो काळाबरोबर उडाला. आपण आजचं चित्र समोर ठेवून करतोय, तेव्हा आयव्हरी ब्लॅक आणि रॉ अंबर पुरे. वाळल्यावर अगदी किंचित हिरवटपणा देणारा पातळ हात दिला तर काळोख मेल्यासारखा वाटत नाही. चित्राला पडलेल्या बारीक भेगांची नक्कल मात्र करू नका, त्या साडेतीनशे वर्षांच्या आहेत.

त्वचेसाठी पुन्हा ढीग. उजेडाला पांढरा, यलो ऑकर आणि नखभर व्हर्मिलिअन. मधल्या छटेला त्यातच रॉ अंबर आणि अल्ट्रामरीनचा स्पर्श, म्हणजे ती थोडी थंड होते. सावलीला बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर आणि अलिझरिन. काळा इथे आणायचाच नाही, माझी पहिली बाई त्यानंच आजारी पडली. प्रत्येक ढीग प्रिंटशेजारी पॅलेट नाइफच्या टोकावर धरून बघा आणि जुळला तरच कॅनव्हासवर न्या.

आता नाकाकडे नीट बघा. नाकाचा दांडा आणि त्याच्या पलीकडचा, आपल्या डावीकडचा गाल यांच्यामध्ये व्हर्मीरनं रेषाच ठेवलेली नाही. दोन्ही एकाच उजेडात वितळले आहेत. नाक कळतं ते नाकपुडीजवळच्या सावलीवरून आणि टोकाच्या उजेडावरून. नवशिका हमखास तिथे एक तपकिरी रेघ ओढतो आणि नाक चिकटवल्यासारखं होतं. मीही ओढली होती. ती पुसायची म्हणून कोरडा मऊ ब्रश फिरवला आणि नाक एकदम चेहऱ्यात बसलं. एवढ्या एका जागेवर मी जितकं शिकलो तितकं उरलेल्या चित्रात शिकलो नाही.

तीच गोष्ट ओठांची. कडा मऊ ठेवा, खालच्या ओठावर ओलसर चकाकीचा एक ठिपका, बस्स. डोळ्यांतही प्रत्येकी एक. भुवया जवळजवळ नाहीतच. पापण्यांचे केस तपासणीच्या यंत्राला सापडले, साध्या डोळ्यांना दिसत नाहीत, तेव्हा तुम्हीही दाखवू नका.

अंगरखा ऑकर आणि अंबरमध्ये पटापट, मोठ्या ब्रशनं. कॉलरचा पांढरा जाड आणि मोजक्या फटकाऱ्यांत. तो दहा वेळा घोटला की मेला.

निळ्या कापडाला वेळ द्या. व्हर्मीरचा निळा अफगाणिस्तानातून येणाऱ्या लॅपिस लाझुली या निळ्या दगडाचा, आपला कारखान्यातला अल्ट्रामरीन, पण वागणूक तीच. जाड लावला तर काळपट आणि निर्जीव, पातळ लावला तर खालचा उजेड घेऊन चमकतो. म्हणून आधी कापड पांढरा आणि निळा मिसळून उजेड-सावलीसकट पुरं करा, पूर्ण वाळू द्या, मग तेल-टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला शुद्ध अल्ट्रामरीन त्यावर पसरा आणि उजेडाच्या जागी बोटाला गुंडाळलेल्या चिंधीनं हलकेच टिपून घ्या. निळा तिथल्या तिथे पेटल्यासारखा होतो. मागे लोंबणाऱ्या पिवळ्या कापडाला लेमन यलो आणि ऑकर.

आणि मोती. त्याला बाह्यरेषा नाही, कानात अडकवायचा आकडासुद्धा नाही. वर डावीकडे जाड पांढऱ्याचा एक ठळक ठिपका आणि खाली कॉलरचं अंधूक, पसरट प्रतिबिंब. मधला भाग म्हणजे मानेची सावलीच. दोन ब्रश भरा, श्वास धरा, दोन फटकारे, आणि मागे व्हा. बिघडला तर ओला असतानाच पुसा आणि पुन्हा करा. माझा सातव्यांदा जमला.

चिंध्या आणि वॉर्निश

जवसाच्या तेलानं भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल ऑक्सिजन घेताना तापतं आणि बोळ्यात ती उष्णता कोंडून चिंधी आपोआप पेटू शकते. मे महिन्यातल्या बडोद्यात तर नकोच. दोरीवर एकेरी पसरून उघड्यावर वाळवा, किंवा पाण्यानं भरलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवा. टर्पेंटाइन वापरताना खिडकी उघडी.

वॉर्निश निदान सहा महिन्यांनी. तोवर चित्र भिंतीकडे तोंड करून नको, तैलरंग अंधारात पिवळा पडतो. मागच्या बाजूला 'व्हर्मीरच्या चित्रावरून' असं लिहा, खाली तुमचं नाव आणि साल. पुढच्या बाजूला त्याची सही उतरवू नका.

रंग वाळेपर्यंत हीच मांडणी जिवंत माणसावर करून बघता येते: डावीकडून एका खिडकीचा उजेड, मागे गडद चादर, मान वळवून बसलेलं कुणीतरी. मी आत्याला विचारलं. गहू निवडता निवडता बसायला तयार आहे, फक्त चष्मा काढणार नाही म्हणते.